बेघरांसाठी झटलेल्या कार्यकर्त्याचे नाव रस्त्याला किंवा चौकाला द्यायचे असेल तर

मुंबईतल्या सात रस्त्याला कुणी जेकब सर्कल म्हणते, कुणी नुसतेच सात रस्ता. त्या चौकाचे नाव संत गाडगे महाराज चौक आहे. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी ज्यांना रात्री पाठ टेकायला जागा नव्हती त्यांच्यासाठी धर्मशाळा उभारणाऱ्या गाडगेबाबांनी स्वतःसाठी मात्र साधी झोपडीही बांधली नाही. २०१९ मध्ये मोनोरेल तिथपर्यंत आली, स्थानकाला हेच नाव मिळाले आणि फलकावरचे नाव तिकिटावर आणि नकाशावर आले. नामकरणाच्या कामाला लागण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे. ठराव आणि फलक हे निम्मे काम आहे. नाव लोकांच्या रोजच्या वापरात यावे यासाठी उरलेले निम्मे.

पुढची माहिती महाराष्ट्रातल्या शहरांसाठी आहे. वस्तीत, स्टेशनबाहेर, पुलाखाली, सरकारी रुग्णालयाच्या भिंतीलगत झोपणाऱ्यांसाठी आयुष्य वेचलेल्या स्थानिक माणसाचे नाव रस्त्याला द्यायचे आहे, असे गृहीत धरले आहे. अशा माणसामागे बहुधा पक्ष नसतो, जातीची संघटना नसते आणि पैसाही नसतो. म्हणून कागद इतरांपेक्षा पक्के लागतात.

रस्ता कुणाचा, हे आधी शोधा

सगळ्यात जास्त प्रस्ताव इथेच अडकतात. समोर दिसणारा रस्ता महापालिकेचाच असेल असे नाही. तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, रेल्वेचा, म्हाडाच्या अभिन्यासातला (लेआउटमधला), एमआयडीसीचा, कटक मंडळाचा (कॅन्टोन्मेंट बोर्डाचा) किंवा एखाद्या गृहनिर्माण संस्थेचा खासगी रस्ताही असू शकतो. ज्याच्या ताब्यात रस्ता, त्याच्याकडेच अर्ज करायचा. रेल्वे स्टेशनबाहेरच्या पट्ट्यात तर दहा पावलांवर हद्द बदलते आणि बेघर माणसे नेमकी त्याच पट्ट्यात जास्त असतात. दुसऱ्याच्या जागेवर महापालिकेने ठराव केला तरी फलक उभा राहत नाही.

महापालिकेच्या रस्त्यांबाबत अधिकार कायद्यात दिलेला आहे. मुंबईला मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ लागू होतो आणि इतर महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. सभागृहाच्या मंजुरीने आयुक्त नाव ठरवतात. नगरपरिषद आणि नगरपंचायतीत १९६५ च्या अधिनियमाखाली चालणारी सभा ठराव करते. लोकनियुक्त सभागृह अस्तित्वात नसेल, तर सभागृहाचे अधिकार प्रशासकाकडे असतात. अशा काळात नगरसेवकाची वाट पाहत बसू नये, प्रस्ताव थेट प्रशासकाच्या नावे द्यावा.

मालकी आणि आधीचे नाव तपासायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा. जोडपत्र 'अ' भरायचे, १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावायचे, एकच विषय ठेवायचा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवायचा. अर्जदार दारिद्र्यरेषेखालील असेल आणि तसा पुरावा जोडला तर फीही लागत नाही. विचारायचे ते इतकेच: अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंतचा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, रस्त्यांच्या नोंदवहीत त्याचे काय नाव आहे, त्याच्या किंवा त्यावरील चौकाच्या नामकरणाचा ठराव पूर्वी झाला असल्यास त्याचा क्रमांक व तारीख, आणि महापालिकेच्या नामकरण धोरणाची प्रत. उत्तराची मुदत ३० दिवस. ते आले नाही तर प्रथम अपील करता येते.

हा अर्ज टाळू नये. वीस-तीस वर्षांपूर्वी एखाद्या नावाचा ठराव झालेला असतो, फलक कधी लागलेला नसतो किंवा रुंदीकरणात गेलेला असतो आणि परिसरात कुणालाच ते ठाऊक नसते. सगळे कागद जमवून झाल्यावर जुना ठराव पुढे आला की प्रस्ताव फेटाळला जातो. शिवाय ज्याचे नाव आपण नकळत पुसायला निघालो होतो, त्याच्या घरच्यांशी वैर येते ते वेगळेच.

रस्ता, पथ की चौक

बिननावाचा रस्ता किंवा चौकच निवडावा. रूढ नाव बदलायला महापालिकांच्या धोरणात सहसा विरोध असतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १९७५ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच कारण दिले आहे की नावे बदलली की टपालाचा आणि नागरिकांचा गोंधळ होतो आणि गावाच्या इतिहासाची खूण नाहीशी होते. याला एक मोठा अपवाद आहे. वस्त्या आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. आपल्या भागात असे नाव अजून शिल्लक असेल, तर ते काढून त्या जागी बेघरांसाठी लढलेल्या माणसाचे नाव सुचवणे कायद्यानेही सोपे आणि विचारानेही योग्य.

रस्ता की चौक, यात चौकाकडे कल ठेवावा. रस्त्याचे नाव म्हटले की दुकानदार विचारतात, गुमास्ता परवान्यावरचा पत्ता बदलायचा का, जीएसटीचे काय, सोसायटीची कागदपत्रे पुन्हा करायची का. या भीतीपोटी हरकती येतात. चौकाच्या नावाने कुणाचाच पत्ता बदलत नाही. चौकात फलकही एक-दोनच लागतात आणि लोकांच्या तोंडी चौक लवकर बसतो. गल्ली किंवा पादचारी पथ हाही चांगला पर्याय आहे, पण वाहने जात नाहीत तिथले फलक महापालिका विसरते. देखभाल कुणी करायची हे तिथे आधीच लिहून घ्यावे.

जागा निवडताना त्या माणसाचे काम कुठे झाले, हे पाहावे. त्याचे घर कुठे होते याला इथे महत्त्व नाही. ज्या पुलाखाली त्याने पहिल्या रात्री नावे लिहून घेतली, ज्या रुग्णालयाच्या दारातून तो बेवारस म्हणून टाकलेल्या रुग्णाला घेऊन गेला, ज्या निवारा केंद्रासाठी त्याने महापालिकेच्या पायऱ्या झिजवल्या, त्याच्या शंभर-दोनशे मीटरच्या आतली जागा शोधावी. सोयीची म्हणून दोन किलोमीटर लांबची नव्या डीपी रोडची (विकास आराखड्यातल्या रस्त्याची) कड मिळते, ती घेऊ नये. तिथे ते नाव कुणालाच काही सांगत नाही.

त्याच नावाचा दुसरा रस्ता शहरात आहे का, हेही पाहावे. एकाच आडनावाचे तीन मार्ग असले की रुग्णवाहिका चुकते. अशा वेळी लोक ज्या नावाने हाक मारत ते नाव घ्यावे. गोरेगावच्या उड्डाणपुलाचे नाव 'मृणालताई गोरे उड्डाणपूल' आहे. नागरी निवारा परिषदेच्या लढ्यातून दिंडोशीला सहा हजारांहून अधिक कुटुंबांना हक्काची घरे मिळाली, त्या लढ्यात मृणालताई पुढे होत्या. लोकांच्या तोंडी त्या 'मृणालताई' होत्या, म्हणून फलकावरही 'ताई' आले. आपला माणूस 'काका', 'मास्तर' किंवा 'माई' म्हणून ओळखला जात असेल तर तेच ठेवावे. नावाआधी 'कै.' लावू नये. ते सगळ्या धर्मांना चालत नाही आणि फलकावर त्याची गरजही नसते.

फाइलमध्ये काय काय हवे

चार संच करावेत: एक प्रभाग किंवा क्षेत्रीय कार्यालयासाठी, एक नगरसचिवांच्या कार्यालयासाठी (मुंबईत हे काम चिटणीस खाते पाहते), एक नगरसेवकासाठी आणि चौथा आपल्याजवळ. प्रत्येक संचात पुढील कागद असावेत:

- एक पानी विनंती अर्ज. त्यात प्रस्तावित नाव जसे फलकावर हवे तसेच, काना-मात्रेसह.
- मृत्यू प्रमाणपत्राची प्रत. हयात व्यक्तीचे नाव बहुतेक ठिकाणी देत नाहीत.
- वारसांचे संमतीपत्र.
- २५० ते ३०० शब्दांचा जीवनपट आणि त्यातल्या प्रत्येक दाव्याला एक कागद.
- जागेचा नकाशा: सुरुवात आणि शेवट, लांबी मीटरमध्ये, सिटी सर्व्हे क्रमांक, दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश आणि दोन छायाचित्रे.
- पाठिंब्याच्या सह्या (बेघरांच्या सह्यांचे तक्ते कोणत्या संचात जोडायचे ते पुढे दिले आहे).
- माहितीच्या अधिकारात आलेले उत्तर.

वारसांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. बेघरांमध्ये काम करणारे काही जण स्वतःच कधीकाळी फुटपाथवर राहिलेले असतात. घरच्यांशी त्यांचा संबंध तुटलेला असतो किंवा घरचे सापडतच नाहीत. मग संमतीपत्राचा रकाना रिकामा राहतो आणि कारकून फाइल परत करतो. तिथे ज्या संस्थेत किंवा निवाऱ्यात ती व्यक्ती शेवटपर्यंत राहिली, तिथल्या व्यवस्थापकाचे पत्र आणि दोन जुन्या सहकाऱ्यांची साध्या कागदावरची निवेदने जोडावीत. वारसांचा शोध घेतला होता, हे एका ओळीत लिहावे. नंतर कुणी नातेवाईक उभा राहून हरकत घेतली तर ही ओळ उपयोगी पडते.

जीवनपटात विशेषणे घालू नयेत. 'थोर समाजसेवक', 'दीनांचा कैवारी' अशा शब्दांवर समितीत कुणाचे लक्ष जात नाही, कारण प्रत्येक प्रस्तावात तेच असते. त्याऐवजी लिहावे: कोणत्या वर्षी, कोणत्या भागात, काय घडवून आणले. किती जणांना मतदार ओळखपत्र मिळवून दिले, कोणते निवारा केंद्र कोणत्या महिन्यात सुरू झाले, कुणी नातेवाईक पुढे न आलेल्या किती मृतदेहांवर अंत्यसंस्कार केले, कोणत्या न्यायालयीन अर्जात ती व्यक्ती अर्जदार होती. पुरावा म्हणून वर्तमानपत्राचे कात्रण, महापालिकेशी झालेला पत्रव्यवहार, निवाऱ्याच्या नोंदवहीचे पान, न्यायालयाच्या आदेशाचे पहिले पान चालते. आकड्याला कागद नसेल तर तो आकडा गाळावा. एक खोटा आकडा सापडला की उरलेले सगळे खरे असूनही संशयात येते.

शब्द जपून वापरावेत. पोलीस नोंदीत 'फिरस्ता' लिहितात, रुग्णालयात 'बेवारस', आणि कार्यालयातली टिपणी लिहिणारे कधी कधी 'भिकारी' लिहून मोकळे होतात. यांपैकी एकही शब्द आपल्या प्रस्तावात येऊ देऊ नये. रस्त्यावर झोपणाऱ्यांतले कितीतरी जण नाक्यावर उभे राहून मजुरी करणारे, कचरा वेचणारे, हॉटेलात भांडी घासणारे असतात. 'बेघर' हा शब्द सरळ आणि पुरेसा आहे.

प्रश्न किती मोठा आहे हे दाखवायला दोन ओळी पुरतात. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार बेघर नोंदले गेले. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे बारा महिने, चोवीस तास चालणारा किमान एक निवारा असावा, हा निकष सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आला आणि राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातही तोच धरला गेला. आपल्या शहराच्या लोकसंख्येला लाखाने भागून किती निवारे हवेत आणि प्रत्यक्ष किती आहेत, ते लिहावे. या माणसाने कशासाठी आयुष्य घातले हे समितीला एका दृष्टीत कळते.

सह्या: ज्यांना पत्ता नाही त्यांच्याही

किती सह्या हव्यात याचा सर्वत्र लागू होईल असा आकडा नाही. एका चौकासाठी १०० ते १५० सह्या वजनदार दिसतात. त्यांतल्या किमान एक तृतीयांश सह्या तिथे झोपणाऱ्यांच्या असाव्यात, हा आमचा आग्रह आहे. बाकी दुकानदार, रिक्षा-टॅक्सी स्टँड, सोसायटीचे सचिव, जवळच्या शाळेचे मुख्याध्यापक यांच्या घ्याव्यात.

सहीच्या तक्त्यात 'पत्ता' हा रकाना असतो आणि बेघर माणूस तिथे थांबतो. म्हणून तक्ता वेगळा छापावा: नाव, वय, 'रात्री कुठे झोपता', किती वर्षांपासून, सही किंवा अंगठा, आणि साक्षीदार. 'पुलाच्या तिसऱ्या खांबाजवळ' असे लिहिले तरी चालते. मतदार नोंदणीच्या नमुना ६ मध्येही बेघर व्यक्तीला पत्त्याचा कागद लागत नाही. तिने सांगितलेल्या जागी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री जाऊन ती खरोखर तिथे झोपते का ते पाहतो. निवडणुकीला जे चालते ते सह्यांच्या तक्त्यालाही चालते, हे कार्यालयात शांतपणे सांगावे.

सह्या घ्यायला रात्री ९ नंतर जावे. त्याआधी लोक कामावरून आलेले नसतात आणि दुकानांची शटर खाली गेल्याशिवाय अंथरूण पडत नाही. ११ नंतर जाऊ नये, कारण पहाटे उठून नाक्यावर जायचे असते. झोपलेल्या माणसाला उठवू नये आणि त्याचे छायाचित्र तर मुळीच काढू नये. कशासाठी सही घेतोय हे आधी सांगावे, कारण बऱ्याच जणांना सहीची भीती असते. पूर्वी कुणी सही घेतली आणि मागून गाडी आली, असे अनुभव त्यांच्या गाठीला असतात. महाराष्ट्रात भिक्षा प्रतिबंधाचा १९५९ चा कायदा आहे आणि त्याखाली उचलले जाण्याची धास्ती खरी आहे. म्हणून हे तक्ते फक्त मूळ संचात जोडावेत. नगरसेवकाच्या आणि वर्तमानपत्रांच्या प्रतीत नुसती संख्या द्यावी.

प्रस्तावाचा प्रवास

अर्ज आवक विभागात द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. साहेबांच्या हातात दिलेला अर्ज ही भेट असते, नोंद नसते. त्याच दिवशी प्रभागातल्या नगरसेवकाला प्रत द्यावी. बहुतेक ठिकाणी नगरसेवक सूचक आणि दुसरा सदस्य अनुमोदक म्हणून सही करतात, मग विषय प्रभाग समितीच्या विषयपत्रिकेवर येतो. पुण्यासारख्या काही महापालिकांत स्वतंत्र नाव समिती आहे. समिती पथ विभागाचा अभिप्राय मागते: रस्ता कुणाचा, लांबी किती, आधीचे नाव आहे का, धोरणात बसते का. अभिप्राय अनुकूल आला की शिफारस होते आणि शेवटचा शब्द महासभेचा.

जो वेळ जातो तो या अभिप्रायात. पथ विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला जागेवर यावे लागते आणि त्याच्याकडे खड्ड्यांच्या शेकडो तक्रारी असतात. नकाशा, लांबी आणि माहिती अधिकाराचे उत्तर आपण आधीच जोडले असेल तर त्याचे निम्मे काम झालेले असते. दर पंधरा दिवसांनी आवक क्रमांक सांगून फाइल कुणाच्या टेबलावर आहे ते विचारावे. भांडू नये, सोडूही नये.

अनुमोदक दुसऱ्या पक्षाचा असेल तर उत्तम. बेघरांच्या प्रश्नाला कुणी उघड विरोध करत नाही, पण श्रेय एकाच पक्षाला जाणार असे दिसले की विषय तहकूब होतो. पुढच्या सभेत पुन्हा तहकूब होतो आणि मुदत संपली की रद्द.

ठरावाचा मसुदा आपणच लिहून द्यावा. असा चालेल:

"प्रभाग क्र. ___ मधील ___ पासून ___ पर्यंतचा, सिटी सर्व्हे क्र. ___ लगतचा, सुमारे ___ मीटर लांबीचा रस्ता (किंवा ___ व ___ रस्त्यांच्या छेदावरील चौक) महापालिकेच्या ताब्यात असून त्यास यापूर्वी नाव देण्यात आलेले नाही. शहरातील बेघर नागरिकांच्या निवारा व ओळखीच्या हक्कासाठी ___ ते ___ या काळात काम केलेल्या दिवंगत ___ यांच्या स्मरणार्थ सदर रस्त्यास/चौकास '___' असे नाव देण्यात यावे, नामफलक व माहितीफलक बसविण्याचा खर्च ___ या लेखाशीर्षातून करण्यात यावा व महापालिकेच्या नकाशांत तशी नोंद घेण्यात यावी."

शेवटची दोन वाक्यांगे गाळली गेली तर ठराव कागदावरच राहतो. खर्चाचा लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातले खाते) नसेल तर फलकासाठी तरतूद नाही, एवढेच उत्तर वर्षानुवर्षे मिळते. पुण्यात नगरसेवकाने सुचवलेल्या कामांच्या 'स' यादीतून, इतरत्र प्रभाग निधीतून फलकाचा खर्च बसू शकतो. तो आकडा ठरावाआधी पक्का करून घ्यावा.

शौचालय, नळ, नवा निवारा अशा मागण्या याच ठरावात घुसवू नयेत. त्या वेगळ्या विभागांच्या असतात, अभिप्राय वाढत जातात आणि सगळेच लटकते. मात्र त्याच दिवशी, वेगळ्या अर्जाने, त्या दिल्याच पाहिजेत. नुसत्या नावावर थांबणे त्या माणसाला पटले नसते.

ठराव होण्याआधी आपला फलक लावू नये. मंडळे तसे करतात, अतिक्रमण विभाग तो काढतो, आणि बेघरांच्या सामानाबरोबर त्यांच्या माणसाचे नावही गाडीत टाकले जाते.

फलक

महापालिकेचा नेहमीचा नमुना असेल तर तोच घ्यावा. वेगळी रचना मागितली की मंजुरी पुन्हा सुरू होते. नमुना नसेल तर ७५ × ७५ × ६ मिलिमीटरच्या लोखंडी अँगलच्या खांबांवर ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर परावर्तक थर. पायासाठी ४५ × ४५ सेंटिमीटरचा, ६० सेंटिमीटर खोल खड्डा आणि एम-१५ काँक्रीट. फलकाची खालची कड पदपथापासून किमान २.१ मीटर वर हवी, नाहीतर डोक्याला लागते आणि जाहिराती चिकटवायलाही हात पोचतो. खांब पदपथाच्या मधोमध रोवू नये, चाकाची खुर्ची अडते. रात्री जिथे माणूस झोपतो नेमक्या त्या कोपऱ्यातही रोवू नये. त्याच्यासाठी ती जागा म्हणजे घर आहे.

खड्डा पावसाळ्याआधी किंवा नंतर करावा. पावसाळ्यात खोदाईला परवानगी मिळत नाही.

मराठी अक्षरे छापताना फार चुका होतात. मजकूर युनिकोडमध्ये पाठवला आणि छापणाऱ्याने तो जुन्या फाँटमध्ये उतरवला की जोडाक्षरे फुटतात, रफार सरकतो, 'ॲ'चा 'अ' होतो, 'श्री'चे भलतेच काहीतरी होते. म्हणून अंतिम मजकूर अक्षरे कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे चित्रात रूपांतर करून), पीडीएफमध्ये द्यावा. कागदावर प्रत काढून जवळच्या दोन वेगवेगळ्या माणसांकडून अक्षर-अक्षर वाचून घ्यावी. त्यांतला एक त्या व्यक्तीला ओळखणारा असावा. पत्र्यावर चुकलेले नाव दुरुस्त करायला पुन्हा निविदा लागते.

वरच्या फलकावर फक्त नाव. कामाची माहिती वेगळ्या छोट्या फलकावर, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे साधारण दीड मीटरवर. चाळीस शब्दांच्या आत: नाव, जन्म-मृत्यूची वर्षे, काय केले, आणि शहरातल्या बेघर निवाऱ्याचा पत्ता व महापालिकेच्या मदतवाहिनीचा क्रमांक. उद्घाटकांची आणि पदाधिकाऱ्यांची नावे कोनशिलेवर जातात. माहितीफलकावर ती येऊ देऊ नयेत. तिथली जागा त्या पत्त्यासाठी राखावी.

अनावरणाचा दिवस

याच दिवशी सगळ्यात वाईट गोष्ट घडू शकते. महापौर किंवा आमदार येणार म्हटल्यावर आदल्या रात्री रस्ता 'साफ' केला जातो. घनकचरा विभाग फुटपाथ धुतो, अतिक्रमणाची गाडी गाठोडी उचलते, पोलीस लोकांना हलवतात. ज्यांच्यासाठी त्या माणसाने आयुष्य घातले, त्यांची अंथरुणे, औषधाच्या चिठ्ठ्या, मोठ्या कष्टाने मिळवलेले आधार कार्ड त्याच्याच नावाच्या कार्यक्रमासाठी कचऱ्यात जातात. हे टाळता येते, पण गृहीत धरून चालत नाही.

किमान १० दिवस आधी चार पत्रे द्यावीत: अतिक्रमण विभाग, घनकचरा विभाग, स्थानिक पोलीस ठाणे आणि बेघर निवारा पाहणारा विभाग. प्रत्येकावर आवक शिक्का घ्यावा. पत्रात स्पष्ट लिहावे की कार्यक्रमासाठी तिथे राहणाऱ्या कुणालाही हटवू नये, त्यांचे सामान उचलू नये आणि सफाई करायची असल्यास त्यांना आदल्या दिवशी कळवावे. एका अधिकाऱ्याचे नाव आणि फोन क्रमांक मागून घ्यावा.

आदल्या रात्री आपली दोन माणसे जागेवर राहावीत, पहाटे ४ ते ७ तर नक्कीच, कारण गाडी तेव्हाच येते. पोती आणून ठेवावीत. ज्यांना सामान हलवावे लागेल त्यांचे गाठोडे पोत्यात भरून नंबराची चिठ्ठी बांधावी, तोच नंबर मालकाच्या हातात द्यावा आणि कार्यक्रम संपेपर्यंत पोत्यांजवळ कुणीतरी बसावे. कागदपत्रे आणि औषधे पोत्यात टाकू देऊ नयेत, ती ज्याची त्याच्याजवळ राहू द्यावीत.

वेळ संध्याकाळी ७ ते ८:३० ठेवावी. सकाळी लोक नाक्यावर असतात, दुपारी कुणीच नसते आणि ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद करावा लागतो. फलकावरचा पडदा तिथे झोपणाऱ्यांपैकी एखाद्या जुन्या व्यक्तीच्या हातून काढावा आणि पाहुण्यांनी बाजूला उभे राहावे. हे निमंत्रणपत्रिकेतच छापावे, आयत्या वेळी बदल होत नाही. कार्यक्रमाचे होर्डिंग लावायचे असेल तर आकाशचिन्ह व परवाना विभागाची परवानगी लागते. आमच्या मते ते नकोच.

तारीख ठरवताना आचारसंहिता कधी लागू शकते ते पाहावे. ती लागली की अनावरण थांबते आणि झाकलेला फलक महिनोन्महिने तसाच उभा राहतो. १० ऑक्टोबर हा जागतिक बेघर दिन. पावसाळा ओसरलेला असतो आणि तारीख लोकांच्या लक्षातही राहते.

नंतरची कामे

ठरावाची प्रमाणित प्रत नगरसचिवांकडून घ्यावी आणि तिच्या प्रती पाच ठिकाणी द्याव्यात: विभागीय टपाल कार्यालय, पोलीस ठाणे, अग्निशमन केंद्र, शहर बस सेवा आणि महापालिकेचा नकाशा विभाग. बस थांब्याला नाव मिळाले की काम झाले, कारण कंडक्टर दिवसातून शंभरदा ते नाव पुकारतो. मुंबईत हा अर्ज बेस्टकडे जातो, पुण्यात पीएमपीएमएलकडे. गूगल मॅप्सवर आणि ओपनस्ट्रीटमॅपवर नाव घालताना फलकाचे छायाचित्र जोडावे आणि नाव आधी देवनागरीत घालावे.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, फलक तपासावा. पत्रा चोरीला जातो, पोस्टरे चिकटतात, गटाराच्या कामात खांब काढला की परत लागत नाही. फलक नाहीसा झाल्याची तक्रार ठराव क्रमांकासह द्यावी, नाहीतर तिथे फलक होता हेच मान्य होत नाही.

निवारा केंद्राच्या नोंदवहीत, मोफत दवाखान्याच्या केसपेपरवर आणि बेघरांचे नमुना ६ भरताना राहण्याच्या जागेच्या रकान्यात आता हे नवे नाव लिहायला लागावे: अमुक चौक, पुलाखाली, तिसरा खांब. रात्री पडताळणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला ती जागा एका फेरीत सापडते.